सतराचा पाढा आणि लेझीम

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळेचा आवाजच बदलतो. एरवी एका वर्गातून पाढे ऐकू येतात, दुसऱ्यातून कविता आणि तिसऱ्यातून "बाई, हा बघा ना, मला चिमटे काढतोय!" पण स्नेहसंमेलन जवळ आलं की बाकं भिंतीला लागतात, कपाटावरचा स्पीकर खाली उतरतो आणि एकच गाणं दिवसातून चाळीस वेळा वाजतं. शाळेसमोरच्या किराणा दुकानातल्या काकांना तर ते आमच्याआधी पाठ होतं. तुमच्याकडेही असंच असणार, हो ना?

म्हणून आज नाचाबद्दलच बोलू या. स्टेप कशा बसवायच्या, नऊवारी कुठून भाड्यानं आणायची, हे काही मी सांगणार नाही. मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. माणसं नाचतात तरी कशाला? भूक लागली की आपण जेवतो, झोप आली की झोपतो, गावाला जायचं असलं की एस.टी. पकडतो. नाचून मात्र माणूस कुठंच पोचत नाही. गोल गोल फिरून जिथून निघाला तिथंच परत! वर घाम येतो आणि धाप लागते ती निराळीच. तरी सगळी दुनिया नाचते.

बरं, हे कुणी शिकवावंही लागत नाही. घरात तान्हं बाळ असेल तर ढोलकीचा ठेका वाजवून बघा. २०१० साली एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या १२० बाळांना संगीत आणि नुसतं बोलणं ऐकवलं होतं. बोलण्यापेक्षा संगीताच्या ठेक्यावर बाळं जास्त हलली, आणि ज्यांचं हलणं ठेक्याशी जास्त जुळलं ती जास्त हसली. ज्यांना धड बसता येत नव्हतं, त्यांनाही ठेका कळत होता!

या सदरात मी बहुतेक वेळा तुमच्या चुका सांगते. आज माझी सांगते.

गेल्या वर्षी मी चौथीचं कोळीनृत्य बसवलं होतं. सोळा मुलं, चार-चारच्या चार रांगा. दुसऱ्या रांगेत एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही. तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "नको बाई, आत्या चिडवेल." तर ही मुलगी नाचताना मोठ्यानं मोजायची. "एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार." आणि सगळ्यांचा पाय पडला की तिचा पाय पडायचा. फार नाही, डोळ्याची पापणी लवेल एवढाच उशीर. पण सोळा जणांच्या रांगेत एवढंही लगेच दिसतं.

मी म्हटलं, "अगं, मनात मोज." तिनं तोंड मिटलं की तिचे पायही थांबायचे. तोंड उघडलं की पाय सुरू! आठ दिवस मी प्रयत्न केला. आठ दिवस हेच.

आता मला केंद्राच्या स्पर्धेत पहिला नंबर हवा होता. आदल्या वर्षी आमचा नंबर थोडक्यात हुकला होता आणि ते माझ्या मनात राहिलं होतं. शेवटी मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तू या वेळी पडदा ओढायचं काम कर हं. ते पण महत्त्वाचं असतं."

मोठी माणसं कधी "ते पण महत्त्वाचं असतं" असं म्हणतात, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. ती म्हणाली, "बरं बाई." बस्स, एवढंच. रडली नाही, रुसली नाही. संमेलनात तिनं पडदा अगदी वेळेवर ओढला. स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. ढाल ऑफिसातल्या कपाटावर आहे आणि मी विसरूनही गेले.

पुढं जानेवारीत एके दिवशी शेवटच्या तासाला मी वर्गात कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या. म्हटलं, यावर लिहा : मी का नाचतो? मी का नाचते? नाव घालायचं नाही, शुद्धलेखन तपासणार नाही. खरं काय ते लिहा. चौतीस मुलं, चौतीस चिठ्ठ्या. (शुद्धलेखन तपासणार नाही म्हटल्यावर काय काय वाचायला मिळतं, ते प्रत्येक शिक्षकानं एकदा बघावंच!)

सहा जणांना टी.व्ही.वर जायचं होतं. चौघांनी लिहिलं होतं, "आई म्हणते म्हणून." एकानं प्रामाणिकपणे लिहिलं, "वरातीत नाचलं की मामा दहा रुपये देतो." मग या बघा :

"राग आला की मी दार लावून नाचतो. राग कुठं जातो माहीत नाही."

"माझी आजी वारीत फुगडी घालते. मला तिच्यासारखं व्हायचंय."

"आम्ही गणपतीत गावाला जातो. तिथं रात्रभर बाल्या नाच असतो. पप्पा तिथं हसतात."

"मी नाचत नाही, सगळे हसतात. पण गोठ्यात म्हशींसमोर नाचतो. म्हशी हसत नाहीत."

अशा तेहतीस वाचून झाल्या. चौतिसावी मी बाजूला ठेवली. तिच्याकडे नंतर येते.

आजीच्या फुगडीची चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ बसले. आळंदीहून पंढरपूर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. उन्हापावसात, पायाला फोड आलेले, डोक्यावर तुळस, आणि मुक्कामाला पोचल्यावर ही साठी ओलांडलेली आजी पदर खोचून फुगडी घालते! दमलेल्या माणसानं खरं तर आडवं व्हायला हवं. पण टाळ वाजू लागला की वारकऱ्यांची पावली सुरू होते. दोन पावलं पुढं, एक मागं, आणि शेजारी कोण आहे, कुठल्या गावचा आहे, काही विचारायचं नाही.

आणि ते हसणारे पप्पा? कोकणातल्या मुलांना हे सांगायला नको. बाल्या नाच म्हणजे जाखडी. कानात बाळ्या घालायची पद्धत होती, त्यावरून हे नाव पडलं असं म्हणतात. कोकणातली कितीतरी माणसं पोटासाठी मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी लोकांच्या घरी. वर्षभर छोट्याशा खोलीत, कुणाच्या तरी हाताखाली. गणपतीला मात्र गाडीला लोंबकळून का होईना, गावी यायचं. मध्ये मृदंगवाला आणि गाणारे बसतात, भोवती रिंगण धरून पायात घुंगरू बांधलेले गडी नाचतात. त्या रिंगणात कुणी कुणाचा साहेब नसतो. मला वाटतं पप्पा तिथं का हसतात, ते त्यांच्या मुलानं अगदी बरोबर हेरलंय.

तुम्ही चित्रकलेच्या वहीत वारली चित्रं काढता ना? त्रिकोणाला त्रिकोण जोडून केलेली माणसं आणि त्यांची शंखासारखी गोल फिरत जाणारी रांग? तो तारपा नाच. डहाणू, जव्हारकडचे वारली लोक पिकं हाताशी आली की तो नाचतात. तारपा हे वाळलेल्या भोपळ्याचं आणि बांबूचं, तोंडानं फुंकायचं वाद्य. वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांना धरलेली रांग त्याच्याभोवती. सूर बदलला की पाय बदलतो. यात पुढचा-मागचा असा भेद फारसा राहत नाही, कारण रांगच गोल! आमच्यासारखी चार-चारची रांग धरून परीक्षकांकडे तोंड करायची पद्धत त्या चित्रात कुठं दिसत नाही. हे मी मुद्दाम सांगतेय असं नाही. बरं, सांगतेय.

एकत्र नाचल्यानं नेमकं काय होतं, याचा एक गमतीदार प्रयोग आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी तो ब्राझीलमधल्या २६४ शाळकरी मुलामुलींवर केला आणि २०१५ साली प्रसिद्ध केला. डॉक्टर रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधतात आणि हवा भरतात, तो तुम्ही पाहिला असेल. तसाच पट्टा बांधून, तो किती आवळला तर दुखायला लागतं, हे आधी मोजलं. मग मुलांना नाचायला लावलं. काहींना एकसारख्या हालचाली, काहींना प्रत्येकाला वेगळ्या. काहींना उभं राहून चांगलं अंग हलवून, तर काहींना बसल्या बसल्या नुसते हात. नंतर पुन्हा पट्टा. जे एकसारखे नाचले होते त्यांना दुखणं जास्त सोसवलं. जे अंग हलवून नाचले होते त्यांनाही सोसवलं. शिवाय एकसारखे नाचलेल्यांना आपल्या गटातली मुलं जास्त जवळची वाटू लागली. आपलं शरीर दुखणं कमी करणारी काही द्रव्यं स्वतःच तयार करतं, ती अशा वेळी जास्त सुटत असावीत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वारीतल्या आजीनं हा प्रयोग वाचलेला नाही, पण तिला तो माहीत असावा.

बाकीचे फायदे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकाला धरूनच आहेत. हृदय जोरात चालतं, फुप्फुसं उघडतात, तोल सुधारतो, हाडांना बळकटी येते. हे दोरीवरच्या उड्यांनीही होतं. नाचात आणखी एक गोष्ट होते. पाय चालू असताना डोकंही चालू ठेवावं लागतं. पुढं काय येणार ते आठवायचं, शेजारच्याकडं बघायचं, ठेका धरायचा, हे सगळं एकदम! २००३ साली न्यूयॉर्कमध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ४६९ आजी-आजोबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. म्हातारपणी विसराळूपणाचा जो आजार जडतो, तो नाचणाऱ्यांमध्ये कमी आढळला. चालणं, पोहणं, सायकल यांत तसा फरक दिसला नाही. वाचन, बुद्धिबळासारखे खेळ आणि वाद्य वाजवणं यांत मात्र दिसला. आता नाचल्यामुळं आजार टळला, की ज्यांची स्मृती मुळात शाबूत होती तेच नाचत राहिले, हे अशा अभ्यासावरून पक्कं सांगता येत नाही. असं कुठं वाचलंत तर हा प्रश्न विचारायची सवय ठेवा.

आणि पालकांनो, तुम्हाला 'नाचे मयूरी' आठवतो का? १९८६ चा चित्रपट. मुलांना त्याची गोष्ट सांगा, कारण ती खरी आहे. मुंबईच्या सुधा चंद्रन लहानपणापासून भरतनाट्यम शिकत होत्या. १९८१ साली तमिळनाडूत त्यांच्या बसला अपघात झाला आणि जखम चिघळल्यामुळं उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वय अवघं सोळाच्या आसपास. पुढं त्यांनी जयपूर फूट बसवला. हा पाय कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तयार केला, तो आपल्या लोकांना उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं म्हणून. त्या पायावर सुधाताई आधी चालायला शिकल्या, मग उभ्या आडव्या रेषेत पाय टाकायला, मग नाचायला. १९८४ साली त्या मुंबईत पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. अशा माणसाला "का नाचता?" म्हणून विचारलं तर काय उत्तर मिळेल? मला वाटतं, "का श्वास घेता?" असं विचारल्यासारखं होईल.

आता ती चौतिसावी चिठ्ठी.

अक्षर मी लगेच ओळखलं. दोन ओळी होत्या. "मी पाढे पाठ करायला नाचायची. आता नाचत नाही."

ती चिठ्ठी मी घरी घेऊन गेले. त्या संध्याकाळी घरात शाळेच्या लेझिमींचं पोतं येऊन पडलं होतं. साखळ्या सुटल्या होत्या त्या तारेनं बांधायच्या होत्या. लेझीम सगळ्यांनी पाहिली असेल : एक लाकडी दांडा, त्याला धनुष्याच्या दोरीसारखी लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या. मूळची ही तालमीतली, व्यायामाची चीज. नंतर ती मिरवणुकीत आली आणि १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला महाराष्ट्राचं लेझीमपथक मैदानात उतरलं होतं.

हे १९८२ चं मला कुणी सांगितलं? आमच्या आप्पांनी. आप्पा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या लेझीमपथकात ते पंचवीस वर्षं होते. दिल्लीला गेले नव्हते, पण "आपली लेझीम दिल्लीला गेली," असं ते आजही सांगतात. आता आप्पा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि आमच्याकडे राहतात. त्यांना पार्किन्सन्स हा आजार आहे. हात थरथरतो, चेहऱ्यावर हसू उमटायला वेळ लागतो, बोलणं हळू झालंय. आणि एक विचित्र गोष्ट होते. चालता चालता ते दाराच्या उंबऱ्याशी येतात आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. जागा अरुंद असली की हमखास. पाय उचलायचा असतो, पण उचलत नाही.

अशा वेळी मी काय म्हणायची? "आप्पा, चला ना! मला शाळेला उशीर होतोय." शाळेत मुलांना धीर धरा म्हणून सांगणारी मी! घाई केली की त्यांचा पाय आणखीच अडायचा.

त्या संध्याकाळी ते असेच मोरीच्या उंबऱ्याशी अडले होते. मी हातातली तार खाली ठेवून उठणार, एवढ्यात माझ्या मुलानं, तो सहा वर्षांचा आहे, पोत्यातली एक लेझीम उचलली आणि वाजवायला सुरुवात केली. छन्-छन्, छन्-छन्. वेडीवाकडीच. आप्पांनी मान उचलली. त्यांचे ओठ हलले. आणि ते मोजू लागले. मोठ्यानं. "एक... दोन... तीन... चार." चारला त्यांचा उजवा पाय उंबऱ्याच्या पलीकडे पडला, पुढच्या एकला डावा.

मी तिथंच उभी. खिशात ती चिठ्ठी.

आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाचा विचार करत नाही. मेंदूचा आतला एक भाग ते आपोआप करून घेतो. या आजारात डोपामीन नावाचं द्रव्य कमी पडतं आणि तो भाग नीट काम करेनासा होतो. पण बाहेरून ठेका मिळाला, किंवा माणसानं स्वतः मोजलं, किंवा जमिनीवर आखलेल्या पट्ट्या समोर दिसल्या, तर मेंदूला जणू दुसरी वाट सापडते. नेहमीचा रस्ता खचला की एस.टी. नाही का आडवाटेनं गाव गाठत? तसं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला २००१ पासून अशा रुग्णांसाठी खास नृत्यवर्ग चालतात. आणि लांब कशाला, आपल्या पुण्यातही नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांना नृत्य शिकवलं आहे. दर आठवड्याला पुण्याला जाणं आम्हाला जमण्यासारखं नाही, म्हणून आमचा वर्ग घरीच. मोरीच्या उंबऱ्याआधी मी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीचे तीन पट्टे लावलेत.

तुमच्या घरात किंवा शेजारी असे कुणी आजोबा-आजी असतील तर एक लक्षात ठेवा. पाय अडला तर त्यांना ओढू नका, ढकलू नका, पडतील. थांबा, त्यांना नीट उभं राहू द्या, मग शांतपणे मोजा. आणि गोळ्या वेळच्या वेळीच. नाच हे त्या गोळ्यांच्या जागचं औषध नव्हे. आप्पा काही बरे झालेले नाहीत. काही दिवस चांगले जातात, काही दिवस लेझीम हातात धरवतही नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बोलावलं. एवढ्याशा मुलीची माफी मागणं सोपं नसतं बरं का! मी दोनदा घसा खाकरला. म्हटलं, "मी तुला नाचातून काढलं ते माझं चुकलं." ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, सतराचा म्हणून दाखवू?"

आणि तिथंच, व्हरांड्यात, तिनं सुरू केलं. सतरा एके सतरा, पाय उजवीकडे. सतरा दुणे चौतीस, पाय डावीकडे. सतरा त्रिक एक्कावन्न, टाळी. सतरा चोक अडुसष्ट, गिरकी. मोठमोठी माणसं सतरा साती एकशे एकोणीसला अडखळतात. तिथं तिनं एक उडी ठेवली होती, म्हणून ते विसरत नाही म्हणे. आणि तेव्हा मला कळलं तिचा पाय उशिरा का पडतो ते. ती आकडा आधी म्हणते आणि पाय मग टाकते. आकडा चुकला तर पाय पडतच नाही. मी आठ दिवस तिच्या पायांकडं बघत होते. तोंडाकडं बघायला हवं होतं.

"मग नाचणं बंद का केलंस घरी?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना, मनात मोज. मनात मोजलं की येत नाही."

यावर माझ्याकडं काही उत्तर नव्हतं. मी तिला आप्पांबद्दल सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते कितीपर्यंत मोजतात?" मी म्हटलं, "चारपर्यंत." "एवढंच?" तिला ते फारच कमी वाटलं!

आमच्या घरापासून चौथं घर तिचं. तिच्या आईला विचारलं आणि ती रविवारी सकाळी यायला लागली. आप्पा खुर्चीत बसून लेझीम धरतात, ती समोर उभी राहते. कोण कुणाला शिकवतं, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. ती मोजते, आप्पा खुर्चीत बसल्या बसल्या पाय टाकतात, मग भिंतीच्या आधारानं उभे राहतात, मग पट्ट्यांवरून उंबरा ओलांडतात. मागच्या रविवारी ते तिला म्हणाले, "पोरी, चौथ्या ठोक्याला कमरेत वाकायचं. लेझीम पायापाशी वाजली पाहिजे." तिनं वाकून दाखवलं. "आणखी खाली," आप्पा म्हणाले. एवढं सलग वाक्य मी त्यांच्या तोंडून बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

आता ती पाचवीत आहे. या वर्षी पाचवीची लेझीम आहे आणि ती पहिल्या रांगेत आहे, कडेला. काल तालीम चालू असताना एक सहकारी बाई खिडकीतून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अहो, गाण्यावर कुणाचा तरी आवाज येतोय, मोजल्याचा." मी म्हटलं, "येऊ दे." स्पर्धेचं काय होईल ते बघू. नंबराचा मोह माझा अजून सुटलाय असं नाही, खोटं कशाला बोलू? पण या वेळी पडदा मी स्वतः ओढणार आहे.

तर मुलांनो, आता तुमची पाळी. एका पोस्टकार्डावर लिहा : मी का नाचतो, मी का नाचते, किंवा मी का नाचत नाही. आईबाबांनाही एक कार्ड द्या. त्यांचं उत्तर तुम्हाला माहीत असेलच असं नाही. नाव घातलं नाही तरी चालेल, शुद्धलेखन तपासणार नाही. कुणी म्हशींसमोर नाचत असेल, तर म्हशीचं नाव मात्र जरूर कळवा.